रिले जोडणाऱ्या मुली

आज जरा वेगळा विषय घेतलाय. मोटारगाडीची तापणारी सीट.

हसू नका. चैत्र-वैशाखात उन्हात उभ्या असलेल्या जीपमध्ये बसलं की आपल्याला चटका बसतो. ती सीट आणखी तापवायची कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण जिथे बर्फ पडतो, तिथे रात्रभर बाहेर राहिलेली गाडी सकाळी दगडासारखी गार असते. म्हणून तिकडच्या गाड्यांत सीटच्या कापडाखाली बारीक तारांची जाळी घालतात आणि तिच्यातून वीज सोडतात. अमेरिकेत कॅडिलॅक नावाच्या महागड्या गाडीत १९६६ साली जादा पैसे भरून ही सोय घेता येऊ लागली. स्वीडनच्या साब कंपनीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चालकाच्या सीटला ती जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली. आता तर असंख्य गाड्यांत ती असते.

आपल्याला त्या सीटवर बसायचं नाही. पण ती सीट चालू-बंद करायला काड्यापेटीपेक्षाही लहान अशी एक डबी लागते, तिला रिले म्हणतात. या रिलेचा इतिहास बघायला गेलं, तर जागोजागी बायकांचे हात दिसतात. आणि आपल्या पोरी बारावी झाल्या की बोईसरला, नाशिकला ‘कंपनीत’ जातात, वायरी आणि बारीक पार्ट जोडण्याचं काम करतात. त्यांच्या हातातल्या कामाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो त्यांना कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगायचं ठरवलं.

आधी रिले करतो काय, ते समजून घेऊ. आपल्या घरात वीज येते २३० व्होल्टची. गाडीची बॅटरी असते १२ व्होल्टची. व्होल्ट म्हणजे पाण्याच्या टाकीची उंची समजा. टाकी उंच असेल तर बारीक नळातूनही पाणी जोरात येतं. टाकी खाली असेल तर तेवढंच पाणी मिळवायला जाड नळ लागतो. घरातला ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब साधारण पाव ॲम्पिअर वीज ओढतो. गाडीतली ६० वॉटची सीट मात्र १२ व्होल्टवर ५ ॲम्पिअर ओढते. दोन सीटा असल्या की १० झाले. एवढी वीज चालकापुढच्या नाजूक बटणातून नेली तर बटणाच्या आत ठिणग्या पडतील, ते तापेल, वितळेल.

यावर उपाय असा. बॅटरीपासून सीटपर्यंत जाड वायर थेट न्यायची आणि मध्ये रिले बसवायचा. बटणापासून रिलेपर्यंत फक्त बारीक वायर. रिलेच्या आत तांब्याच्या बारीक तारेचं गुंडाळं असतं, त्याला कॉईल म्हणतात. शाळेत मुलं खिळ्याला तार गुंडाळून ती सेलला जोडतात आणि खिळ्याला टाचण्या चिकटतात, तोच हा प्रकार. कॉईलमध्ये वीज आली की लोखंड चुंबक होतं, समोरची पत्री ओढून घेतं, दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि जाड वायरीचा रस्ता मोकळा होतो. ‘खट्’ असा आवाज येतो तो त्या पत्रीचा. कॉईलला लागते ॲम्पिअरच्या पाचव्या भागापेक्षाही कमी वीज, आणि तेवढ्यावर ती १० ॲम्पिअरचा रस्ता उघडते. शेतात एवढंसं फडकं काढून आपण पाटाचं सगळं पाणी खाचरात सोडतो, तसंच.

गाडीच्या साध्या रिलेला खाली चार पाय असतात. त्यांचे नंबर जर्मनीत ठरले आणि आता पुष्कळ देशांतल्या गाड्यांत तेच चालतात. ८५ आणि ८६ हे कॉईलचे पाय. ३० वर बॅटरीकडून जाड वायर येते आणि ८७ वरून ती सीटकडे जाते. ८६ ला वीज द्यायची ती किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या वायरीतून, बटणामार्फत. ८५ गाडीच्या लोखंडी अंगाला, म्हणजे अर्थिंगला. किल्लीची वायर का? तर कोणी सीट बंद करायला विसरलं, तरी किल्ली काढली की सगळं बंद व्हावं. नाहीतर सकाळी बॅटरी बसलेली. आणि फ्यूज कुठे? बॅटरीच्या अगदी जवळ. कारण वायर कुठेही घासून लोखंडाला टेकली, तर आग लागण्याआधी फ्यूज उडाला पाहिजे. शिवाय सीटच्या आत तापमान बघणारा एक तुकडा असतो, तो ठरावीक उष्णतेला वीज तोडतो. एवढी सगळी जोडणी. एकदा समजली की स्वेटर विणण्याइतकी सरळ आहे, पण एक टाका चुकला तर चटका बसेल अशी.

रिलेचा मोठा भाऊ तुम्ही रोज बघता. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये तोच असतो, त्याला कॉन्टॅक्टर म्हणतात. हिरवं बटण दाबलं की आत खट् होतं ते त्याचंच. लाईट गेली की कॉईलचं चुंबकपण जातं आणि पत्री सुटते. लाईट परत आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही, पुन्हा बटण दाबावं लागतं. ही गैरसोय मुद्दाम ठेवलेली आहे. मधल्या वेळात कोणी पंप उघडून हात घातला असेल, तर त्याचा हात वाचावा म्हणून. काही जण स्टार्टर सुटतो म्हणून आत लाकडाची काडी किंवा पुठ्ठा अडकवून ठेवतात. तसं करू देऊ नका. मग मोटारही जळते आणि माणसाचा जीवही धोक्यात येतो. रेल्वेच्या सिग्नलमध्ये तर रिले असे घडवतात, की वीज गेली किंवा तार तुटली तर पत्री स्वतःच्या वजनाने खाली पडावी आणि सिग्नल लाल व्हावा. बिघाड झाला की गाडी थांबलीच पाहिजे, हा त्यामागचा विचार.

आता या रिलेचं नाव आलं कुठून ते बघू. आश्रमशाळेत मुली रिले शर्यत पळतात, एकीच्या हातातली काठी दुसरी घेते. पूर्वी डाक घोड्यांवरून जायची, तेव्हा टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे तयार ठेवत. दमलेला घोडा थांबायचा, ताजा पुढे पळायचा. युरोपात या बदलीच्या घोड्यांना रिले म्हणत. पुढे तारयंत्र आलं. लांबच्या तारेत वीज जाता जाता क्षीण व्हायची, संदेश पोहोचेपर्यंत तिच्यात जोर उरायचा नाही. अमेरिकेतले शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमाराला दाखवलं, की लांबून आलेली दमलेली वीज एक लहान चुंबक हलवू शकते आणि तो चुंबक जवळच्या ताज्या बॅटरीचा रस्ता उघडू शकतो. म्हणजे बदलीचा घोडाच. सॅम्युअल मोर्स यांनी १८४४ साली वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार सुरू केली, तीत हीच युक्ती होती. आपल्याकडे कंपनी सरकारच्या काळात डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी तारेचं काम उभं केलं आणि १८५५ साली कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडणारी तार लोकांसाठी खुली झाली.

तारेच्या मागोमाग टेलिफोन आला, आणि इथून बायका या गोष्टीत येतात. सुरुवातीला एकाचा फोन दुसऱ्याला जोडायला एक्स्चेंजमध्ये माणूस बसवावा लागे. अमेरिकेत आधी पोरगे ठेवले. ते गिऱ्हाइकांशी उद्धट बोलत, दंगा करत. मग १ सप्टेंबर १८७८ ला बॉस्टन शहरात एमा नट नावाच्या बाईंना कामावर घेतलं. त्या जगातल्या पहिल्या महिला टेलिफोन ऑपरेटर मानल्या जातात. त्यांचा शांत आवाज लोकांना आवडला आणि बघता बघता हे काम बायकांचं झालं. मालकांना आणखी एक गोष्ट आवडली. बायकांना पगार कमी दिला तरी चालत होता. मुंबईत २८ जानेवारी १८८२ ला टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. पुढे आपल्याकडेही ट्रंक कॉल जोडणाऱ्या बायांचा आवाज कितीतरी वर्षं फोनवर ऐकू यायचा.

मग अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रोजर नावाच्या एका गृहस्थाने १८९१ साली आपोआप फोन जोडणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. हे गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करत. ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवते, असा त्यांना संशय होता, अशी कथा सांगतात. खरंखोटं काहीही असो, त्यांच्या यंत्राने पुढे ऑपरेटर बायांची गरज कमी केली. आणि त्या यंत्रात काय होतं? ओळीने रिले. एका शहराच्या फोनसाठी हजारो-लाखो रिले लागू लागले. ते जोडायचे कोणी? पुन्हा बायकांनीच. यंत्राने एका हाताने बायकांचं काम घेतलं आणि दुसऱ्या हाताने दुसरं दिलं. आधीचं बोलण्याचं होतं, आताचं गप्प बसून बोटं चालवण्याचं.

आता मुख्य गोष्ट. अमेरिकेत शिकागो शहराजवळ सिसेरो इथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा अवाढव्य कारखाना होता. तिथे टेलिफोनचं सामान बनायचं. तिथल्या साहेबांना प्रश्न पडला, की कामगार जास्त काम कशाने करतील? आधी त्यांनी दिव्यांचा उजेड कमी-जास्त करून पाहिला. त्यातून धड काही हाती लागलं नाही. मग एप्रिल १९२७ मध्ये त्यांनी रिले जोडणाऱ्या पाच मुली आणि त्यांना पार्ट काढून देणारी सहावी, अशा सहा जणींना मोठ्या खात्यातून उचलून एका वेगळ्या खोलीत बसवलं. बहुतेक जणी विशीच्या आतबाहेरच्या, दुसऱ्या देशांतून पोटासाठी आलेल्या घरांतल्या लेकी.

त्यांचं काम असं. साधारण ३५ बारीक भाग एका साच्यात क्रमाने रचायचे, चार स्क्रूंनी आवळायचे आणि झालेला रिले एका घसरगुंडीत टाकायचा. एका रिलेला मिनिटभर. दिवसभर तेच, पुन्हा पुन्हा. घसरगुंडीतून रिले पडला की एका कागदी पट्टीवर आपोआप भोक पडायचं. म्हणजे कोणत्या मुलीने कोणत्या मिनिटाला रिले पूर्ण केला, ते सगळं नोंदलं जायचं. खोलीत एक माणूस बसून त्या काय बोलतात तेही लिहून घ्यायचा. दर काही आठवड्यांनी डॉक्टरी तपासणी. झोप किती झाली, खाल्लं काय, पाळी कधी आली, हे सुद्धा विचारायचे. मुलींना ते आवडेना. मग तपासणीच्या दिवशी केक आणि आइस्क्रीम द्यायला लागले.

साहेबांनी एकेक गोष्ट बदलायला सुरुवात केली. सर्वात आधी मजुरीची पद्धत बदलली. पूर्वी शंभरेक कामगारांचा हिशेब एकत्र व्हायचा, आता या पाच जणींचा वेगळा. म्हणजे पाच जणींनी मिळून जेवढं जास्त केलं, तेवढं त्यांच्याच पदरात. मग सकाळ-दुपार पाच मिनिटांची सुट्टी दिली. ती दहा मिनिटांची केली. सकाळी सुट्टीत खायला दिलं, कारण काही जणी उपाशीच यायच्या. संध्याकाळी अर्धा तास लवकर सोडून पाहिलं. काही काळ शनिवारची सुट्टी दिली. बहुतेक बदलांत काम वाढत गेलं. मग त्यांनी सगळ्या सुट्ट्या काढून घेतल्या, पूर्वीसारखा पूर्ण आठवडा ठेवला. तरीही एकूण काम वरच राहिलं. साहेब चक्रावले.

या प्रयोगावर पुढे हार्वर्ड विद्यापीठातले एल्टन मेयो आणि त्यांचे सोबती बोलले, पुस्तकं निघाली. त्यांनी सांगितलं, की सुट्टी आणि उजेड यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कोणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय, आपलं विचारतंय, आपला गट आहे, ही भावना. त्यावरून ‘हॉथॉर्न परिणाम’ असं नावच पडलं. आजही मोठमोठ्या कॉलेजांत साहेब होऊ पाहणारी मुलं हे शिकतात.

पण बायांनो, या गोष्टीतला एक भाग बऱ्याचदा घाईत सांगितला जातो. जानेवारी १९२८ मध्ये त्या पाचांतल्या दोघींना खोलीतून काढलं. का? तर त्या फार बोलतात, सांगितलेलं ऐकत नाहीत, काम मनासारखं करत नाहीत. त्यांच्या जागी दोन चलाख मुली आणल्या. त्यांतल्या एकीवर घरच्या कमाईचा मोठा भार होता. तिला पैशांची निकड होती, आणि तिच्या मागोमाग सगळ्यांचा वेग वाढला. म्हणजे लक्ष दिल्याने काम वाढलं, असं म्हणताना ज्यांनी तोंड उघडलं त्यांना आधी बाहेर काढलं होतं.

दुसरी गोष्ट पैशाची. साहेबांनी आणखी एक प्रयोग केला. दुसऱ्या पाच मुली घेतल्या, त्यांना सुट्ट्या वगैरे काही दिलं नाही, फक्त पाच जणींच्या मजुरीचा हिशेब वेगळा केला. त्यांचं काम सुमारे १२ टक्क्यांनी वाढलं. बाकीच्या खात्यात कुरबूर सुरू झाली, आम्हालाही तसंच द्या म्हणून. नऊ आठवड्यांत हा प्रयोग गुंडाळला आणि काम पुन्हा खाली आलं. यावरून काय समजायचं ते कोणतीही बाई सांगेल. आपल्या घामाचा पैसा आपल्याच पदरात पडतोय हे दिसलं, की हात आपोआप चालतो. १९६७ साली अलेक्स कॅरी नावाच्या अभ्यासकाने जुन्या नोंदी तपासून नेमकं हेच लिहिलं, की मजुरीचा आणि काढून टाकलेल्या मुलींचा मुद्दा मागे ढकलून बाकीच्या गोष्टींचं कौतुक झालं आहे. पुढे इतरांनीही त्या नोंदी पुन्हा पुन्हा तपासल्या. मंदीची भीती, नोकरी जाण्याची धास्ती, हेही कारण असणार असं काहींनी म्हटलं. ती भीती खोटी नव्हती. १९३० नंतर मंदीने कारखान्यातली माणसं कमी होत गेली, आणि ज्यांच्यावर पुस्तकं लिहिली गेली त्या मुलीही त्यातून सुटल्या नाहीत.

त्याच कारखान्यात अभ्रकाचे पापुद्रे सोलणाऱ्या मुलींवरही असा प्रयोग झाला होता. विजेच्या सामानात अभ्रक लागतं, कारण ते वीज अडवतं. त्या काळी जगाला लागणाऱ्या पातळ अभ्रकातला मोठा वाटा आपल्या देशातून, आजच्या झारखंडच्या कोडरमा भागातून जायचा. तिथेही अभ्रक सोलायला बायका आणि पोरंच बसत. त्यांच्या कामाच्या नोंदी घ्यायला कोणी भोकांची कागदी पट्टी लावली नाही.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. १ मे १९७३ ला मुंबईत अंधेरीला सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्र सुरू झालं. लोक त्याला सिप्झ म्हणतात. परदेशी पाठवायचा माल इथे बनायचा आणि सुरुवातीला तो विजेच्या बारीक भागांचाच होता. जोडणीच्या टेबलावर कोण? बहुतेक तरुण मुली. त्या काळात मलेशिया, फिलिपिन्स, तैवान, मेक्सिको अशा कितीतरी देशांत असे कारखाने निघाले आणि सगळीकडे एकच वाक्य ऐकू यायचं: बायकांची बोटं निसर्गतःच चपळ असतात, म्हणून आम्ही बायका घेतो. १९८१ साली डायन एल्सन आणि रूथ पिअर्सन या दोन अभ्यासक बायांनी या वाक्याची उलटतपासणी केली. त्यांनी दाखवलं, की बोटं जन्मतः चपळ नसतात. मुलगी लहानपणापासून घरात शिवते, टिपते, निवडते, विणते, तेव्हा ती वर्षानुवर्षं शिकत असते. पण हे शिक्षण घरात झालं, त्याचं सर्टिफिकेट नाही, म्हणून कारखाना त्याला कसब म्हणत नाही. निसर्गाची देणगी म्हणतो. आणि देणगीचे पैसे द्यावे लागत नाहीत.

हे आपल्याला नवीन नाही. आवणीला भाताचं रोप दोन बोटांत धरून सरळ ओळीत, नेमक्या खोलीवर लावायला लहान मुलगी किती पावसाळे शिकते? लग्नाचा चौक भिंतीवर लिहिताना वारली बाया तांदळाच्या पिठात बुडवलेल्या काडीने केसासारख्या रेषा ओढत आल्या. पिढ्यान् पिढ्या ती फक्त रीत मानली गेली. कागदावर उतरून बाजारात गेली तेव्हा तिला कला म्हणाले, किंमत आली. हात तेच होते.

गाड्यांच्या वायरीचंही तसंच आहे. एका गाडीत सीट, दिवे, हॉर्न, काचा, पंखा, या सगळ्यांच्या शेकडो वायरी असतात. त्यांची एक मोठी जुडी बांधतात, तिला हार्नेस म्हणतात. मोठ्या फळीवर खुंट्या असतात, त्यांवरून एकेक वायर फिरवायची, टेप गुंडाळायची, टोकांना जोड बसवायचे. वायर मऊ असते, लोंबते, वळते, म्हणून यंत्राच्या हाताला ती नीट धरता येत नाही. आजही हे काम मोठ्या प्रमाणात माणसाच्या हाताने होतं, आणि पुष्कळ ठिकाणी बायकांच्या. पुण्याजवळ चाकणच्या पट्ट्यातही हे काम चालतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, तेव्हा तिथून हार्नेस येईनात म्हणून जर्मनीतल्या बड्या गाडी कंपन्यांचे कारखाने बंद ठेवावे लागले. लाखो रुपयांच्या गाड्या वायरीच्या जुडीवाचून अडल्या. एवढं ज्याच्यावर अडतं, ते काम बिनकसबी कसं?

आता आपला मुद्दा. महाराष्ट्रात किमान वेतन ठरतं ते कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा तीन पायऱ्यांवर. पोरगी कंपनीत लागते तेव्हा कागदावर बऱ्याचदा ‘हेल्पर’ लिहिलेलं असतं. हेल्पर म्हणजे अकुशल. सुरुवातीला ठीक आहे. पण दोन वर्षं ती रिलेचे पाय ओळखून जोडते, क्रिम्पिंग करते, चुकलेला माल बाजूला काढते, नव्या मुलींना शिकवते, तरी कागदावर हेल्परच? इथे विचारायला हवं. आणि शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या पोराला जास्त पगार असेल, तर कायदा तिच्या बाजूने आहे. समान कामाला समान मजुरी, हा कायदा १९७६ साली झाला. २०१९ च्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आहे.

म्हणून गटागटाने काही गोष्टी करू या, असं आम्हाला वाटतं. पाड्यावरची कोणती मुलगी कुठल्या कंपनीत, कोणत्या ठेकेदारामार्फत गेली, याची गटाच्या वहीत नोंद ठेवा. ठेकेदाराचं पूर्ण नाव आणि फोन नंबर त्यात असू द्या. तिला सांगा, नेमणुकीचा कागद आणि दर महिन्याची पगाराची पावती माग. पी.एफ. कापला जात असेल तर तिचा यू.ए.एन. नंबर तिच्याकडे असला पाहिजे. कामगार विम्याचं, म्हणजे ई.एस.आय.चं कार्ड मिळालं का ते विचारा. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे तिला ठाऊक असू द्या. काम शिकली की त्याचा दाखला मागायला सांगा. आयटीआयला इलेक्ट्रिशियन आणि वायरमन असे कोर्स असतात, ते मुलांचेच असतात असं कुठेही लिहिलेलं नाही. तिथला कागद हातात असला, की ‘बोटं चपळ आहेत’ असं म्हणून कोणी बोळवण करू शकत नाही.

आणि ज्या गटांचा स्वतःचा धंदा आहे, पापड, नागलीची बिस्किटं, बांबूच्या वस्तू, त्यांनी त्या नऊ आठवड्यांची गोष्ट लक्षात ठेवा. हिशेब लहान गटाचा असावा, उघडा असावा, ज्या बाईने केलं तिला ते दिसावं. आणि बैठकीत जास्त बोलणारी बाई नकोशी वाटली, तर तिला बाहेर काढण्याआधी एकदा तिचं म्हणणं लिहून घ्या. हॉथॉर्नच्या त्या दोघी काय सांगत होत्या, ते नीट ऐकलं असतं तर साहेबांना पाच वर्षं प्रयोग करावा लागला नसता, असं आम्हाला राहून राहून वाटतं.

तुमच्या पाड्यावरची कोणी मुलगी वायरीच्या किंवा रिलेच्या कामाला असेल, तर सुट्टीत ती घरी आली की तिला गटात बोलवा. काम कसं करते ते तिच्याच तोंडून ऐका. तिला सांगता येईल, समजावता येईल एवढं ते मोठं काम आहे. आणि ती जे सांगेल ते आम्हालाही कळवा, पुढच्या भाषणात तिचंच बोलणं ऐकवू. येतो आम्ही. रामराम.